विंगेतले आतोबा

अख्ख्या दिग्रसची आठवण एकट्या आमच्या आतोबांनी सांभाळली, म्हणून बाकीच्यांना विसरायची चैन परवडली. ते कापसाच्या जिनातले कारकून आणि गणपतीतल्या नाटकाचे प्रॉम्प्टर. पण विंगेत पुस्तक नेणं त्यांना कमीपणाचं वाटे. तिन्ही अंक तोंडपाठ. त्यामुळे आम्ही नट काहीच पाठ करत नसू. एकदा आमचा राजा तापानं घरी पडला, तर आतोबांनी सिंहासन रिकामं ठेवून विंगेतूनच त्याचे सगळे संवाद म्हटले. राजाचं काम यंदा प्रथमच बरं झालं, असं प्रेक्षकांचं मत पडलं.

त्यांना मिरगी यायची. आली की कोणी कांदा फोडी, कोणी जोडा हुंगवी. शुद्धीवर येताच आतोबा विचारत, "जोडा कोनाचा होता? वास नवीन हाय." अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचून तापलेल्या मला हे सहन होईना. माणसाला औषध हवं, जोडा नव्हे, असं त्यांच्याच ओसरीवर भाषण ठोकून मी त्यांना यवतमाळच्या डॉक्टरांकडे नेलं.

गोळ्यांनी मिरगी थांबली. आतोबाही थोडे थांबले. चहा घेणार का, असं आत्यानं विचारलं, तर उत्तर चहा निवल्यावर येई. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी तालमीत त्यांनी सरदाराला जुन्याच नाटकातलं वाक्य सांगितलं, आणि सरदारानं ते भक्तिभावानं म्हटलंही. दुसऱ्या दिवशी आतोबा पुस्तक घेऊन आले. तेव्हा कोणी हसलं नाही.

प्रयोगाला चार दिवस उरले असताना ते मला म्हणाले, "नाटकापुरत्या गोळ्या बंद करून राह्यलो. डोक्यात रुई भरली बापू." गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके जोरात येतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी पुन्हा भाषण सुरू केलं. 

"तुले काय जाते?" ते म्हणाले. "तू आजवर कधी काही पाठ केलं?"

गोळी मात्र त्यांनी घेतली.

मी घरी जाऊन माझी भूमिका पाठ केली, अगदी अक्षर न् अक्षर. पण प्रयोगात वाटलं, आतोबांना नुसतं बसवून ठेवणं बरं नाही. म्हणून पहिला अंक धडाधड म्हटल्यावर दुसऱ्या अंकात मुद्दाम अडखळलो.

विंगेतून हलकेच आवाज आला, "थांबला काहून? पाठ हाय तुले. बोल."

आणि मला खरोखरच पुढचं वाक्य आठवेना. आत पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मी वाट पाहत उभा राहिलो.