मोरचुदाच्या घुगऱ्या

शेतीशास्त्रावर लेख लिहून पोट भरायचा उद्योग मी वाशीमकडे केला, तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि शेतीवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी तिफण फक्त चित्रात पाहिली होती. त्यातले सर्वांत मोठे दिवटे म्हणजे माझे लेख छापणारे संपादक. पुण्यात माडीवर बसून वऱ्हाडी शेतकऱ्याला शहाणं करायचे. आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, ही त्यांना पालेभाजी वाटायची.

ज्वारीवर काणीचा रोग पडू नये म्हणून पेरणीआधी बियाणं मोरचुदाच्या पाण्यात भिजवून सुकवावं, असा लेख मी त्यांना पाठवला. शेवटी ठणकावून लिहिलं, उरलेलं बियाणं विषारी असतं, ते कुणाच्या तोंडी लागू देऊ नये, पुरून टाकावं. कारण आमच्याकडे पेरणी आटोपली की उरलेल्या बियाण्याच्या घुगऱ्या शिजवून घरीदारी वाटतात.

लेखकाला अंक पाठवायची त्या गृहस्थांची रीत नव्हती. मला माझा लेख रिसोडच्या किराणा दुकानात दिसला, दुकानदार त्याचीच पुडी बांधत होता. शेवटचा मजकूर गायब. त्या जागी केशतेलाची जाहिरात. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि लगेच बहिणीचं घर आठवलं. केनवडला दिलेल्या माझ्या बहिणीचा नवरा त्या मासिकाचा वर्गणीदार होता. त्यानं लेख वाचून बियाणं भिजवल्याचा निरोप मला आधीच आला होता, आणि त्याची पेरणी त्याच दिवशी आटोपायची होती.

चिखल तुडवत केनवड गाठलं. आमचे जावईबापू ओसरीत लोडाला टेकून बसले होते. आत घुगऱ्या शिजून तयार होत्या.

"फेका त्या! विख हाये त्यात!" मी ओरडलो.

जावईबापूंनी शांतपणे अंक काढला. "दाखवा बरं, कुठी छापलं हाये? काहून भेडसावून राह्यले आमाले?"

"अरे, तो लेख मीच लिवला ना!"

"म्हणून तं म्हणतो. लेखात नाई ते आता कोठून आणलं तुमी?"

असा गाढवपणा चार बुकं शिकलेल्यालाच जमतो. तोवर पहिली वाटी माझ्या पोटुशा बहिणीच्या हातात आली होती. मी ती हिसकावली आणि पातेलं लाथेनं उलटं केलं. पेरणीच्या घुगऱ्या लाथाडल्या म्हणजे वर्षाचं पीकच लाथाडलं! सासूनं कपाळ बडवून घेतलं, जावई अंगावर धावून आले. मी फावडं घेऊन दाणा न् दाणा गोळा केला आणि मागच्या उकिरड्यात खोल पुरला. त्या घरात कुणी मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

निघताना बहीण दारापर्यंत आली. वाटलं, हिला तरी कळलं असेल.

"भाऊ, विख असतं तं तू लेखात लिवलं नसतं काय?" ती म्हणाली. "आता माह्या घरी येऊ नोको."

आणि तिनं आतून कडी लावली.