धनजच्या पटात एक फेटा उरला

मूर्तिजापूरहून कारंज्याला जाणारी छोटी गाडी इतकी निवांत चालते, की समोरचे एक गृहस्थ खाली उतरून रुळांकाठची बोरं तोडून परत जागेवर येऊन बसले. मलाही हुक्की आली. बोरं मिळाली, पण डबा पुढे गेला. धोतर सावरत धावलो तेव्हा सगळी गाडी खिडक्यांतून डोकी काढून हसत होती. मला त्या हसण्याचा भयंकर राग आला. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

कारंज्याला कापसाच्या गाड्यांची रांग जिनिंगच्या (कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत आली होती. शाळेतला माझा सोबती नारायणराव आपला कापूस घालायला तिथंच आला होता. त्याच्या गावी, धनजला, दुसऱ्या दिवशी शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) होता आणि तो पाहायलाच मी निघालो होतो.

"चाल, आंधी आमचा साहेब दाखवतो तुले," तो म्हणाला.

साहेब म्हणजे जिनिंगच्या इंजिनावरचा इंग्रज फिटर. टॉम त्याचं नाव. टक्कल पडलेला, डावा पाय जरा ओढत चालणारा. "तोंड झाका, कापूस नाकात जाते," हे त्याचं पहिलं वाक्य. कामगारांत राहून वऱ्हाडी त्याच्या चांगलीच जिभेवर बसली होती. इंजिनघराचं दार उघडं राहावं म्हणून खाली एक पोलादी तुकडा लावला होता, बुटाच्या तळव्याच्या आकाराचा.

तो पाहून मी थबकलो. मँचेस्टरला कापडाचं शिक्षण घेत होतो तेव्हा शनिवारी आम्ही मोटारसायकलींच्या शर्यती पाहायला जायचो. कोळशाच्या चुऱ्याचं गोल मैदान, चार स्वार आणि गाड्यांना ब्रेकच नाही! वळणावर डावा पाय जमिनीला घासत गाडी आडवी सरकवायची, त्यासाठी बुटाखाली हेच पोलाद बांधत. मी त्याचं पूर्ण नाव विचारलं. ते नाव मी मैदानावरच्या फलकावर वाचलं होतं!

"मी तुम्हाला पाहिलंय," मी इंग्रजीत म्हणालो.

साहेबानं हातातला पाना खाली ठेवला. मग मी जिनिंगमधून निघेपर्यंत तो माझ्या मागेमागेच होता.

संध्याकाळी आम्ही तिघं दमणीतून (छपराच्या हलक्या बैलगाडीतून) धनजला निघालो. वाटेत नारायणरावानं गावची रीत सांगितली. पट संपला की वयानं थकून शर्यत सोडलेल्या धुरकऱ्याला (जोडी हाकणाऱ्याला) फेटा बांधतात. त्याआधी त्याची एक जुनी धाव सगळ्यांना सांगायची. पण ती त्यानं स्वतः सांगायची नाही. जो डोळ्यांनी पाहणारा असेल त्यानंच उभं राहून सांगायची, तीही एकदाच.

"साहेबबी शर्यतीचाच गडी, म्हून त्याच्यासाठी दरसाली एक फेटा आनतो आमी," नारायणराव म्हणाला. "पन सांगाले पाह्यलेला मानूसच नाही. फेटा तसाच वापस जाते."

साहेब रस्त्याकडे बघत होता.

"यंदा आहे ना माणूस!" मी छाती काढून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पट रंगला. जोड्या सुटल्या की धुरळ्यात नुसते बैलांचे कान दिसत. दुपारी शेतात रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी झाली. जिभेला चटका बसला तरी मी चौथा रोडगा सोडला नाही. उन्हं कलल्यावर फेटे बांधायला सुरुवात झाली. नारायणरावाचे काका, सखारामबुवा, साहेबाचा केशरी फेटा हातात घेऊन उभे राहिले. साहेबानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

मी सुरुवात बरी केली. ब्रेक नसलेल्या गाड्या ऐकून माणसं सरसावून बसली. पण मला त्यांना हसवायचं होतं. साहेबांच्या राज्यात एका साहेबावर हसवायची संधी रोज येत नाही.

"आणि आपले साहेब!" मी हात नाचवले. "वळणावर गेले ते थेट कुंपणात! गाडी एकीकडे, साहेब एकीकडे, अन् गोरं तोंड पार काळं!"

सगळा पट हसला. साहेबही हसला.

सखारामबुवा मात्र थांबून होते. "अन् मंग?"

"मग काय? संपलं."

"गडी उठला का नाही?"

"ते... ट्रामला गर्दी होते म्हणून आम्ही निघालो होतो."

हसणं विरलं. साहेब हळूच म्हणाला, "उठलो. गाडी ढकलत..."

"साहेब, तुमी नोका सांगू," बुवांनी हात वर केला.

मी घाईघाईनं म्हणालो, "मी सांगतो! साहेब उठले, गाडी ढकलत नेली..."

"तुमी पाह्यलं?"

"नाही."

"मंग बसा, भाऊ."

बुवांनी फेट्याची घडी घातली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर मला मान वर करता येईना.

परतताना दमणीत साहेब इंग्रजीत बोलला. एका स्वाराची गाडी बंद पडली होती. तिसरा जो रेघ ओलांडेल त्याला एक गुण होता. मोडलेली गाडी ढकलत त्यानं तो मिळवला, आणि त्याच एका गुणानं त्याचा संघ जिंकला. सगळं मैदान उभं राहिलं होतं. पाय तेव्हापासून असा.

"बाकीच्या धावा कुणी विसरल्या तरी चालतील," तो म्हणाला. "ही एक सांगितली जावी, असं मनात होतं. तुम्ही खोटं बोलला नाहीत."

त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. लाजेनं मला तोंड कुठं लपवावं कळेना.

कारंज्याला तो गाडीपर्यंत पोचवायला आला, माझी वळकटीही त्यानंच डब्यात चढवली. गाडी निघाली. काठाला तीच बोरं होती, पण मी उतरलो नाही.

घरी परतल्यावर सगळे विचारतात, वऱ्हाडात काय पाहिलं? बैल पाहिले, कापूस पाहिला, ते सगळं मी रंगवून सांगतो. साहेब कसा उठला हे मला कुणाला सांगता येत नाही. तो पडला एवढंच पाहून मी ट्रामच्या रांगेत जाऊन उभा राहिलो होतो, आणि मित्रांबरोबर हसत होतो.