लाल दोऱ्याची बरणी

आमच्या यासेन्ये गावात मूल जन्मलं की पाद्र्याच्याही आधी स्तामेना त्या घरी पोचायची. काखेत बरणी, बरणीत तिच्या मधपेट्यांमधला मध आणि बरणीच्या गळ्याला लाल दोरा. बरणी टेबलावर ठेवून ती बाळाच्या कपाळावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "झालं, आता हा आमचा." ती बरणी आल्याशिवाय बाळ गावात मोजलंच जात नसे.

मी तिची शेजारीण, ग्रोझ्दाना. तिच्याशी मी जितकी भांडले तितकी नवऱ्याशीही भांडले नसेन. तिच्या माश्या माझ्या धुतलेल्या चादरींवर पिवळे ठिपके पाडायच्या आणि वर ती मलाच म्हणायची, "तूच चादरी दुसरीकडे वाळत घाल, माश्यांना कुठे समजावू?" तरुणपणी नवरा झाडाखाली सापडून गेला, तेव्हापासून त्या पेट्यांवर तिने मुलगा वाढवला, नातू वाढवला, आणि मान कधी खाली घातली नाही. तिचा मध हाच तिचा मान होता.

मग शहराच्या दंत महाविद्यालयातून डॉक्टर ल्युबिंका आली. हडकुळी, गंभीर बाई. नदीच्या दोन्ही काठांवरच्या लहान मुलांचे दात तपासायचं काम तिने हाती घेतलं होतं. दोन्हीकडे पाणी एकच, पीठ एकाच गिरणीचं, तरी तीन वर्षांची व्हायच्या आत आमच्या पोरांचे वरचे पुढचे दात काळे पडून झिजायचे आणि पलीकडच्यांचे धड राहायचे. हे असं का, ते तिला शोधायचं होतं. आम्हाला त्यात शोधण्यासारखं काही वाटत नव्हतं. दुधाचे दात, पडायचेच आहेत, असं म्हणत आम्ही सुजलेल्या गालांना फडकी बांधत होतो.

ती घरोघर एकच विचारायची, बाळाला गोड काय देता? आणि घरोघर एकच उत्तर यायचं, काही नाही. कोणी खोटं बोलत नव्हतं हो! दोब्रिलाच्या घरी ती आली तेव्हा मी तिथेच कॉफी पीत बसले होते.

"गोड?" दोब्रिला फणकारली. "चॉकलेट माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही, डॉक्टरीणबाई. नातवंडं कशी वाढवायची ते मला कळतं."

इतक्यात मांडीवरचं नातवंड रडलं. दोब्रिलाने बोलता बोलता चोखणी मधात बुडवली आणि त्याच्या तोंडात दिली.

"हे काय?" डॉक्टरने विचारलं.

"मध."

"मग तो गोड नाही?"

"मध गोड कसा असेल, बाई? मध औषध आहे!"

आणि ती मनापासून बोलत होती. मीही मान डोलावली. डॉक्टर हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मध चांगलाच आहे. पण साखर कुठून आली ते दाताची कीड विचारत नाही. चोखणीवरचा मध झोपेत दातांना चिकटून राहतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध द्यायचाच नसतो, त्यात दातांपेक्षा मोठा धोका असतो."

"मग तुमचं कोडं सुटलं म्हणायचं," मी म्हटलं.

"एका घरावरून नाही बोलता येत," ती म्हणाली आणि पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली. आता ती 'गोड' विचारत नव्हती, मध विचारत होती. जिथे चोखणी मधात बुडायची तिथे काळे दात, जिथे नाही तिथे बहुतेक पांढरे. पलीकडच्या गावात लाल दोऱ्याची बरणीच जात नव्हती.

हे तिने शाळेत गाव जमवून सांगितलं. स्तामेनाचं नाव घेतलं नाही. पण नाव घ्यायची गरज कुणाला होती? सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. स्तामेना उठली.

"माझ्या मधानं?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

गाव पेटलं. शहरातली बाई आमच्या मधाला नावं ठेवते म्हणून पुरुषांनी टेबलं बडवली. डॉक्टर स्तामेनाकडे गेली, दार उघडलं नाही. मला मात्र खरी गोम कळत होती. स्तामेनाने बरणी आणली तर ती नाकारायची छाती गावातल्या एकाही आईची नव्हती. आणि बरणी बंद केली तर स्तामेना या गावात कोण उरणार होती? त्यात तिच्या नातसुनेचे दिवस भरत आले होते. आता ती स्वतःच्या पणतवंडाला काय देते, इकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

एका सकाळी ती डोक्याला रुमाल बांधून बाहेर पडली. ज्या ज्या घरी बरणी गेली होती त्या त्या घरी शिरली, पोरांना पुढे घेतलं आणि अंगठ्याने त्यांचे ओठ वर केले. परत आली ती थेट माझ्या कुंपणाशी.

"ग्रोझ्दाना, काळ्या दातांची ती सगळी माझीच आहेत गं," ती म्हणाली आणि रडली. मी तिला प्रथमच रडताना पाहिलं. मी तिच्या हातावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरला घरात घेऊन बराच वेळ दार लावलं.

पणतू झाला, ओग्न्येन. बायका पोगाचा नावाचा घरचा पाव घेऊन बाळ बघायला जमल्या, खरं तर स्तामेनाला बघायला. ती आली. काखेत बरणी होती, लाल दोराही होता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पण बरणीचं तोंड मेणाने गच्च बंद केलेलं होतं आणि लाल दोऱ्यात एक इवलासा दातांचा ब्रश अडकवलेला होता.

"पहिला दात आला की ब्रश बाहेर काढायचा," ती नातसुनेला म्हणाली. "पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. सकाळी आणि झोपायच्या आधी. चोखणीला काही लावायचं नाही. आणि मेण तिसऱ्या वाढदिवसाला फोडायचं, तेही यानं माझ्यासमोर सफरचंद चावून दाखवलं तर."

"तीन वर्षं? आणि मध खराब झाला म्हणजे?" दोब्रिलाने खोचकपणे विचारलं.

स्तामेनाने तिच्याकडे असं पाहिलं की मला दोब्रिलाची दया आली. "माझा मध थांबेल," ती म्हणाली. "दात थांबत नाहीत."

त्यानंतर गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला मेण लावलेलीच बरणी गेली. आणि मेण कोणी चोरून फोडत नसे, कारण बरणी जागेवर आहे का ते बघायला स्तामेना कधीही टपकायची.

ओग्न्येनच्या तिसऱ्या वाढदिवसाला अंगण भरलं होतं. डॉक्टर ल्युबिंका दोन्ही काठांवरची लहान पोरं पुन्हा तपासून आली होती. म्हणाली, एकदोघांचे दात अजून किडलेले आहेत, पण बाकीची आता पलीकडच्यांच्या बरोबरीला आली. ऐकताना स्तामेनाची मान ताठ होती आणि माझी तिच्याहून ताठ.

ओग्न्येनने दोन्ही हातांत सफरचंद धरलं. करकन आवाज आला आणि लचका निघाला. पुढचे दात पांढरेशुभ्र, सगळे जागेवर! आम्ही टाळ्या वाजवल्या. स्तामेनाने मेण फोडलं. मध साखरून इतका घट्ट झाला होता की चमचा वाकला. "अस्सल आहे," ती म्हणाली आणि पावावर लावून पहिला घास पोराला दिला.

पोराने तो खाल्ला आणि सफरचंद तिच्यापुढे धरलं. "आता तू चाव."

"मला दात कुठे आहेत, राजा?"

त्याने जरा विचार केला. मग आणखी एक लचका तोडला, तोंडातून काढला आणि तिच्या तोंडात घातला.

"घे," तो म्हणाला. "माझे आहेत ना."