राणीसाठी बांधलेला संडास

ब्रॅकनशॉच्या कापडगिरणीत बायकांना आत संडास हवा, ही मागणी आयव्ही ग्रिमशॉ कामाला लागली त्याच्याही आधीची. बायकांचे संडास होते अंगणाच्या पार पलीकडे, वर गळका पत्रा आणि दाराला हातभर फट. मागणी केली की मॅनेजर हॉलरॉइडसाहेब तोंडातला पाइप काढून म्हणायचे, "जागा कुठंय, बायांनो? दाखवा, उद्या बांधतो."

मग राज्याभिषेकाला दोन वर्षं झाली आणि नवी राणी गिरणी बघायला येणार असं पत्र आलं. लगेच जागा सापडली! ऑफिसच्या जिन्याखाली ती इतकी वर्षं होतीच, साहेबांना तेवढी दिसत नव्हती. राजघराण्यातलं कुणी येणार म्हटलं की आमच्याकडे आधी भिंती रंगवतात आणि मग संडास बांधतात. पाहुणीला लागलीच तर? तीन आठवड्यांत खोली तयार झाली. भिंतींना गुलाबाच्या फुलांचा कागद, साखळीला चिनी मातीची मूठ, लव्हेंडरचा साबण.

आयव्ही तेव्हा तेवीस वर्षांची होती. कापसाच्या धुळीने छाती धरली म्हणून तिला मागावरून काढून फरशी पुसायला लावलं होतं. त्या दिवशी हातावर पांढरा टॉवेल घेऊन तिला दाराशी उभं केलं. तिची आई मात्र सकाळीच म्हणाली होती, "राणी आली काय न् गेली काय, तुझ्या हातची बादली काही सुटत नाही, पोरी."

राणी एकोणीस मिनिटं होती. आयव्हीला निळ्या कोटाची कड दिसली, बुटांचा आवाज आला आणि तो जिन्याकडे न वळता निघून गेला. टॉवेलाची घडीसुद्धा मोडली नाही.

आता खोली आपल्याला मिळेल म्हणून बायका खूश होत्या. सोमवारी बघतात तर दारावर पितळी पाटी आणि कुलूप. राणी पुन्हा आली तर, म्हणून खोली राखून ठेवली होती. किल्ली दिली आयव्हीला. जिच्यावर जन्मात कुणी चहाची किटली सोपवली नव्हती, तिच्या गळ्यात राणीच्या खोलीची किल्ली! ती हरखून गेली, आणि त्यात तिचा दोष होता असं मला वाटत नाही. रोज ती ती खोली देव्हाऱ्यासारखी पुसायची. बायका चिडवायच्या, "काय गं, सिंहासन लखलखलं का?"

सगळ्यांत जास्त चिडवायची नोरा डकवर्थ. नोरा तिची शाळेपासूनची मैत्रीण, चार मागांवर एकटी काम करणारी, जिभेला हाड नसलेली.

दोन वर्षांनी साहेब आले आणि म्हणाले, "आयव्ही, पाचच मिनिटं हं." मग रोज दहाच्या ठोक्याला वर्तमानपत्र आणि पाइप घेऊन यायला लागले. आयत्या बिळावर नागोबा! आयव्ही नंतर राख झाडायची, साबण बदलायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. "कुणाला बोलायचं नाही," असं साहेबांनी बजावलं होतं, आणि साहेबांचा शब्द तिला राणीच्या शब्दाएवढाच होता.

त्रेसष्ट सालच्या जानेवारीत नदीसुद्धा गोठली. अंगणात बर्फ घट्ट होऊन काचेसारखा गुळगुळीत झाला होता. नोराला लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेले होते आणि सातवा महिना चालू होता. सकाळी दहा वाजून गेल्यावर ती पोट सावरत जिन्याशी आली. मागांच्या खडखडाटात आमच्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात आणि ओठ बघूनच समजून घेतात. तशी ती म्हणाली, "उघड गं. मला तिथवर जाववत नाही."

साहेब आत बसले होते. एवढंच सांगायचं होतं. पण बजावलेलं होतं ना! आयव्हीचे ओठ हलले, "नाही गं. राणीची खोली आहे."

"आयव्ही, मी पडेन."

"भिंतीला धरून हळू जा."

नोराने दाराकडे पाहिलं, आयव्हीकडे पाहिलं आणि ती गेली. अंगणाच्या मधोमध पडली. संध्याकाळी मुलगी झाली, पण ती रडलीच नाही. पुढे नोराला पुन्हा मूल झालं नाही.

नोरा महिन्याने कामावर आली. भांडली नाही, रागावली नाही. रविवारी चॅपलमध्ये आयव्हीशेजारी बसायची, केक भाजायला तिचंच भांडं मागून न्यायची. फक्त चिडवणं बंद झालं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर आयव्ही सुटली असती. ती मनातल्या मनात रोज सांगायची आणि रोज गिळायची.

मग तिने एकच ध्यास धरला. राणीने एकदा यावं, एकदाच ती खोली वापरावी. मग "राणीची खोली" हे खोटं राहणार नाही. राजवटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा राणीची गाडी गिरणीवरून जाणार असं कळलं. आयव्हीने स्वतः भिंतींना नवा कागद लावला आणि पहाटेपासून दार सताड उघडं ठेवलं. गाडी आली, हातमोज्यातला हात पलीकडच्या गर्दीला हलला आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. म्हणतात ना, राजाला दिवाळी काय माहीत! चार वर्षांनी गिरणी बंद पडली. मजुरांनी त्या खोलीतलं संडासाचं भांडं घणाने फोडून ट्रकमध्ये टाकलं. साहेब तर त्याआधीच मानाने निवृत्त होऊन वारले होते.

राणीचं राज्य मात्र चालूच राहिलं. आयव्हीचा नवरा गेला, नोराचा गेला, दोघी नव्वदीला टेकल्या आणि गावच्या वृद्धाश्रमात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर येऊन बसल्या. मग एका सप्टेंबरात राणी गेली. टीव्ही मोठ्याने लागलेला, पडद्यावर मैलोन् मैल रांग, सेविका डोळे पुसत सगळ्यांना चहा देत होत्या.

आता राणी काही यायची नाही, हे आयव्हीला त्या चहाच्या कपासमोर कळलं. तिने नोराच्या हाताला हात लावला आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून गिरणीतल्यासारखं ओठांनीच सांगितलं, "त्या दिवशी आत साहेब होते. रोजच असायचे. मी तुला खोटं सांगितलं."

नोरा मोठ्याने बोलली. सगळ्या खोलीने माना वळवल्या.

"ठाऊक आहे मला. तेव्हा वाटलं, पाइपचा वास ऑफिसातून येतोय. पोर गेल्यावर बिछान्यात पडल्या पडल्या उमगलं. साहेब आहेत म्हणाली असतीस, तर पायरीवर बसून थांबले असते गं मी. दहा मिनिटांचा तर प्रश्न होता."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तू सांगशील म्हणून. एकोणसाठ वर्षं तुझ्या शेजारी बसले ती काय माया म्हणून? आणि सांगितलंस कधी, तर ती राणी मेल्यावर."

आयव्हीला हुंदका आवरेना. सेविका धावत आली, तिने आयव्हीचे खांदे धरले आणि म्हणाली, "रडू नका आजी, राणी सुखाने गेली."

"रडू दे तिला," नोरा म्हणाली आणि तिने तोंड टीव्हीकडे फिरवलं. "रड, आयव्ही. आज रडून घे. लोकांना वाटेल, राणीसाठीच रडतेयस."