चारला दहा कमी

नंदामावशी गेल्याचा फोन वर्तकनगरहून आला, तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. त्याच्या जरा आधी माझ्या नऊ वर्षांच्या इराने गुळाची डबी उचलून दारापाशी नेऊन ठेवली होती. मावशी यायची असली की ती तसं करायची, पण त्या दिवशी मावशी येणार नव्हती. मी चिडून डबी जागेवर ठेवली... आणि फोन वाजला.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. चारला दहा कमी असले की ती असेल तिथे आडवी व्हायची. लग्नाच्या हॉलमध्ये, आणि एकदा तर टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत, नवी साडी नेसून, सरळ फूटपाथवर. आम्ही तिला लोळणबाई म्हणायचो. ते नाव मीच ठेवलेलं आणि मला त्याचा केवढा अभिमान! ती उठून गुळाचा खडा तोंडात टाकायची आणि आमच्याबरोबर हसायची.

इरा स्वमग्न आहे हे कळल्यावर मी सगळी डोंबिवली पालथी घातली. तीही दुपारी अशीच कोसळायची. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, हिच्या पेशी शक्ती तयार करायला कमी पडतात. स्वमग्न मुलांपैकी काहींत असं आढळतं, पण स्वमग्नता त्यामुळेच आली असं छातीठोकपणे सांगता येत नाही. हिच्यातला दोष मात्र आईकडूनच उतरणारा. "तुम्हाला थकवा येतो का?" मी ठणकावून नाही म्हणाले, आणि घरी येऊन रडले.

मावशी म्हणाली, "अगं, तुझी कसली चूक? तुझी आजीपण चुलीपुढे अशीच पडायची. माझं रक्त तपासून घे की. पोरीला कळू दे, ती एकटी नाही." मी बरं म्हणाले आणि चालढकल करत राहिले. खरं सांगते, मला भीती वाटायची. मावशी आणि इरा, दोघींच्या मधे मीच होते ना.

मग ती दर गुरुवारी यायला लागली. घड्याळ न बघता म्हणायची, "आता हिचे दिवे जाणार." दोघी लादीवर शेजारी पडायच्या, एकाच कुशीवर, डावा हात गालाखाली, श्वाससुद्धा एका लयीत. जणू एकच बाई दोन वयांत निजलीय... माझ्या अंगावर काटा यायचा आणि मी मुद्दाम भांडी आपटायचे.

रक्त तपासायचं राहिलं. माफी मागायचीही राहिली.

परवा गुरुवारी इराने डबीतून दोन खडे काढले. एक स्वतः खाल्ला, दुसरा मावशी पडायची तिथे लादीवर ठेवला. मला रडू आलं. खडा उचलायला वाकले तर तिने माझा हात धरला. इरा कधी कुणाचा हात धरत नाही.

"दिवे जाणार," ती म्हणाली.

"कुणाचे गं?"

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. घड्याळात चारला दहा कमी होते. मी वाकले होते तशीच खाली कोसळले... लादी गार होती. डावा हात आपोआप गालाखाली गेला. इराने खडा माझ्या तोंडात घातला आणि ती माझ्याशेजारी, त्याच कुशीवर आडवी झाली.