शेवटचा फर्मा

बेबीनं पन्नाशी ओलांडली तरी माहेरी, सासरी, शेजारीपाजारी सगळ्यांची ती बेबीच राहिली होती. त्यामुळे कादंबरीवर तिचं कागदोपत्री नाव छापून आलं, तेव्हा निम्म्या नातेवाइकांना ही बाई कोण, असा प्रश्न पडला. "अहो, ती मीच," असं एकेकाला फोन करून सांगावं लागलं. पुस्तक खपवायच्या कामाची सुरुवात ही अशी झाली.

ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. पेशंटना वेळा द्यायच्या, भेदरलेल्या पोरांना गप्प करायचं, आणि मध्ये उसंत मिळाली की लिहायचं. कादंबरी अशी तुकड्यातुकड्यांनी कित्येक वर्षांत पुरी झाली. एक बाई भर दुपारी गॅसवरचं दूध उतरवते, बॅग उचलते, घराबाहेर पडते आणि परक्या गावात कापडाच्या दुकानात कामाला लागते, एवढीच गोष्ट. काही प्रकाशकांनी नकार कळवला, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. शेवटी तिनं स्वतःच छापायचं ठरवलं. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून नुकताच निवृत्त झाला होता. "छाप," तो म्हणाला, "गठ्ठे मी उचलीन." त्यानं शब्द पाळला. वाचीन, असं काही तो म्हणाला नव्हता.

पुस्तक खपवण्यापेक्षा लिहिणं परवडलं, असं म्हणायची पाळी आली. पुस्तकांच्या दुकानदारानं हो-ना करत थोड्या प्रती ठेवून घेतल्या आणि मुखपृष्ठावरची पाठमोरी बाई बघून त्या गरोदरपणातल्या आहाराच्या पुस्तकांशेजारी लावून टाकल्या. भाचीनं मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला. "मावशी, जरा हस ना!" "अगं, हसतेच आहे." वाचनालयात कार्यक्रम ठरला, खुर्च्या भरलेल्या बघून बेबीला भरून आलं. तिनं आपल्या वहीतून एक अख्खं प्रकरण वाचून दाखवलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग पहिल्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "उपाशीपोटी यायचं होतं का? मी चहा घेतलाय." मंडळी त्यानंतरच्या साखरतपासणीला आली होती.

डॉक्टरीणबाईंनी मात्र काउंटरवर प्रती ठेवू दिल्या. जबडा बधिर झालेल्या पेशंटला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे तिथं थोड्याफार खपल्या. त्या विक्रीची बेबीला लाजच वाटायची.

तरी कौतुक झालं. भावजय म्हणाली, "वन्सं, एका बैठकीत वाचून काढली. शेवटाला तर रडूच कोसळलं." समोरच्या घरातले काका म्हणाले, "शेवट झकास जमलाय." दिवसभर काउंटरवर बसून पाठ भरून आली की बेबी ही वाक्यं मनातल्या मनात पुन्हा ऐकायची.

मग एका रविवारी मोठ्या नणंदेचा फोन आला. सासूच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघींचं बिनसलं होतं. तेव्हापासून नणंद फक्त जन्ममृत्यूचं कळवायला फोन करायची.

"कोण गेलं, ताई?" बेबीनं घाबरून विचारलं.

"कुणी नाही गेलं. अगं, तुझं पुस्तक वाचत होते. ती बाई दुकानाच्या पायरीवर उभी आहे, समोरून नवरा येतोय, आणि पुस्तकच संपलं! वाक्यसुद्धा अर्धं. ही काय हल्लीची पद्धत आहे का?"

बेबीनं कपाटातून एक प्रत ओढली. शेवटचं पान उघडलं. 'तिनं हात वर केला आणि' एवढंच होतं, पुढं पुठ्ठा. तिनं दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली, मग गठ्ठाच सोडला. सगळीकडे तोच वर केलेला हात.

तिनं मुद्रितं डोळे दुखेपर्यंत तपासली होती. पण बांधलेलं पुस्तक हातात आलं, तेव्हा नुसता वास घेतला, नावावरून बोट फिरवलं आणि मिटून ठेवलं. एखादी चूक दिसेल या धास्तीनं आत बघायचा धीरच झाला नव्हता.

छापखानेवाल्यानं बाइंडरला फोन लावला आणि कपाळावर हात मारला. शेवटचा फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या शेवटच्या सोळा पानांचा जुडगा, छापून झाला होता. तो बाइंडरच्या कोपऱ्यात तसाच पडून राहिला होता. "चूक आमचीच, मॅडम. सगळे फर्मे आणून देतो," तो म्हणाला. मग न राहवून त्यानं विचारलं, "पण इतके महिने झाले, एकानंही तक्रार कशी नाही केली?"

घरी चालत येताना बेबीच्या सगळं ध्यानात आलं.

पुढचे काही दिवस कामावरून सुटल्यावर ती दारोदार फर्मे वाटत हिंडली. भावजयीनं पानं हातात घेतली आणि ती गोरीमोरी झाली. "तरीच! मला वाटलंच होतं काहीतरी," असं म्हणून ती घाईनं चहा टाकायला आत गेली. काकांच्या शोकेसमध्ये पुस्तक न फोडलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटासकट उभं होतं. काका पाकिटाकडे पाठ करून उभे राहिले. बेबीनं कुणालाच टोकलं नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो.

नणंदेकडे ती सगळ्यात शेवटी गेली. गाव दुसरं, एसटीचा प्रवास. नणंदेनं चष्मा लावला, खिडकीशी बसून सोळाच्या सोळा पानं वाचली. बेबी समोर हातावर हात ठेवून बसून राहिली.

"परत पाठवलीस तिला," नणंद म्हणाली.

"हो."

"का गं?"

बेबीनं पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती, वाचनालयात कुणी विचारलं तर द्यायला म्हणून. त्यातलं एकही न देता ती म्हणाली, "कुठंतरी संपवायची होती, ताई. मी दमले होते."

"म्हणजे दमलीस तू, आणि घरी जायचं तिनं?"

बेबीला हसू आलं, पण नणंद हसत नव्हती. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "माझीही बॅग भरलेली होती. तुझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. पलंगाखाली ठेवली होती. आज जाईन, उद्या जाईन करत राहिले. मग एकदा साफसफाईला काढली, तर आतल्या कपड्यांना कसर लागली होती. ते फेकून दिले आणि बॅगेत रजया भरल्या. कुणाला कळलंसुद्धा नाही."

सासूच्या उशाशी दोघींनी एकमेकींना काय काय ऐकवलं होतं, ते आठवून बेबीनं मान खाली घातली.

"मी नाही गेले ते नाही गेले," नणंद म्हणाली. "पण ही पायरीपर्यंत आली होती गं." तिनं फर्म्याची घडी नीट जुळवली आणि बेबीच्या पिशवीत परत ठेवली. "हे तू घेऊन जा. माझं पुस्तक आहे तसंच राहू दे."

बेबी घरी आली तेव्हा नवऱ्यानं जमिनीवर जुने पेपर पसरले होते, खळ कालवून ठेवली होती, आणि उरलेल्या प्रतींचा ढीग समोर घेऊन बसला होता. "आलीस? मला वाटलं, सुरुवात करावी. चिकटवू ना?"

ती भिंतीला टेकून खाली बसली. चपला काढायचंही तिला सुधरेना. नणंदेचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवट पुन्हा लिहावा, असं एसटीत घटकाभर वाटूनही गेलं होतं. पण पुन्हा लिहायचं, पुन्हा छापायचं, पुन्हा सगळ्यांना ती मीच म्हणून सांगायचं... तिनं डोळे मिटले.

"चिकटव," ती म्हणाली.

तो ब्रश फिरवू लागला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "ताई काय म्हणाली?"

"तिला शेवट पटला नाही."

"अरेरे."

"अरेरे काय? भांडली माझ्याशी त्यावरून." बेबीचा आवाज झोपेनं जड झाला होता. "आणि तो फर्मा उलटा लावतोयस तू."

त्यानं बघितलं. खरंच उलटा लागला होता. तो सोडवायच्या खटपटीत पान फाटलं, म्हणून ती प्रत त्यानं बाजूला ठेवली आणि पुढची उचलली.