ठकूबाईचा फोटो आणि उस्मानभाईंचा सफेदा

मंडळी, आज दुपारी माझ्या फोटोच्या दुकानात घडलेलं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तळेघरहून एक जोडपं चालत जुन्नरला आलं. नवरा, मारुती, मुंबईला गिरणीत कामाला निघालाय. बायकोचा फोटो त्याला बरोबर न्यायचाय.

तो बाहेर बसला तशी ठकूबाई हळूच म्हणाली, "भाऊ, जरा गोरी करा मला. मुंबईची मान्सं बघत्याल."

मी हे काम कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, पण मला ते चोख लागतं. नाटकवाल्यांचे चेहरे रंगवणाऱ्या उस्मानभाईंना बोलावलं. त्यांनी सफेदा असा लावला, की कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण पार बुजलं. कानामागची कड मी स्वतः एकसारखी करून घेतली. ठकूबाई आरशात बघून खुलली.

मारुती आत येता येता दारातच थांबला. "ही कोन?"

"तुमचीच हाय. ओळखा की राव," उस्मानभाई हसले.

"वळखली. पर ही बाई तिथं खोलीवर घिऊन मी काय करू?"

ठकूबाई चिडली. "चार मान्सांत दाखवाया बरी दिसंल म्हनून केलं."

"दाखवाया न्हाई नेत. मला बघाया नेतोय."

मग तिनेच उस्मानभाईंकडे पुसायला तेल मागितलं. गोंदणाचा ठिपका न् ठिपका वर आला, आणि मी फोटो काढला. उत्तम आलाय, हे मीच सांगतो.

तर मंडळी, फोटोला याल तेव्हा कुणासाठी नटताय तेवढं आधी सांगा. उजेडाचं मी बघतो.